नावातला अपॉस्ट्रफी आधी सांभाळा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो की सामान घेऊन झाल्यावर मी एका मित्राच्या डीटीपीच्या दुकानात टेकतो. तो फ्लेक्स, लग्नपत्रिका, रबर स्टॅम्प, दारावरच्या पाट्या सगळं करतो, आणि तिथेच आमचा तिसरा मित्र येतो जो बरीच वर्षं बोटीवर होता आणि आता कायमचा घरी आलाय. त्याचं आडनाव डिसोझा, गोव्यातल्या आमच्या बार्देश तालुक्यात या आडनावाची इतकी घरं आहेत की एवढ्यावरून तो कोणाला ओळखू येणार नाही म्हणून सांगतोय. तर मध्यंतरी त्याने नवीन फाटकासाठी पितळेच्या अक्षरांची पाटी करायला दिली. कागदावर इंग्रजीत लिहून आणलं होतं, आधी 'द', मग डी, मग अपॉस्ट्रफी (अक्षराच्या वरच्या बाजूला लागणारं ते छोटं चिन्ह, ’, ज्याला आम्ही सरळ टिंबच म्हणतो), मग सोझा, मग परत एक अपॉस्ट्रफी आणि शेवटी एस. एका आडनावात दोन अपॉस्ट्रफी. मी बघितलं आणि म्हटलं दुसरा काढ, तुला 'डिसोझा मंडळी' म्हणायचंय ना, मग ते साधं अनेकवचन झालं, तिथे काही चिन्ह लागत नाही. दुकानवाला म्हणाला नाही, याला 'डिसोझांचं घर' म्हणायचंय, घर हा शब्द मनात आहे, मग अपॉस्ट्रफी पाहिजेच, फक्त तो एसच्या नंतर पाहिजे कारण घरात माणसं चार आहेत. आणि ज्याची पाटी तो म्हणाला आमच्या वाड्यावर सगळ्यांच्या फाटकावर एसच्या आधीच आहे, मी एकटाच वेगळा का लावू. चहा झाला, मिरची भजी झाली, दीड तास गेला, मधे गिऱ्हाइकं येऊन झेरॉक्स काढून गेली आणि त्यातल्या एका बाईंनी जाता जाता आपलं पण मत देऊन टाकलं.

मला हे असले वाद मनापासून आवडतात आणि ते व्हायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पण त्या दिवसापासून डोक्यात एक गोष्ट घोळतेय ती लिहायलाच हवी. आपण गोव्यात अपॉस्ट्रफीवरून जेवढं बोलतो, हसतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो, ते सगळं त्या दुसऱ्या अपॉस्ट्रफीबद्दल असतं, एसच्या आधीच्या. पाटीवरच्या, मेनूकार्डावरच्या. आणि पहिला अपॉस्ट्रफी, जो डी आणि सोझाच्या मधे आहे, जो माणसाच्या नावाचा भाग आहे, तो रोज कुठल्या ना कुठल्या फॉर्ममधे गायब होतो आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आपला काटेकोरपणा चुकीच्या जागी खर्च होतोय.

आधी दुसऱ्याचंच बोलू, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार आहेत.

मी इंग्रजीच्या ट्यूशन घेतो, त्यामुळे हे चिन्ह मला रोज शिकवावं लागतं. मुलांना मी सांगतो की अपॉस्ट्रफी एस म्हणजे आपली षष्ठी, चा-ची-चे. रामचं पुस्तक म्हटलं की रामनंतर अपॉस्ट्रफी एस. मग मुलं विचारतात की सर ते वर टिंब कशाला, नुसता एस का नाही पुरत, आणि हा प्रश्न अगदी योग्य आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठीला बऱ्याच शब्दांना 'एस' असा पूर्ण प्रत्यय लागायचा, म्हणजे ई आणि एस ही दोन अक्षरं, नंतर बोलण्यातून तो ई गळाला आणि गळालेल्या अक्षराची खूण म्हणून वर हे चिन्ह बसलं. चिन्ह मुळात इंग्रजीचं नव्हेच, सोळाव्या शतकात ते फ्रेंचमधून आलं आणि शब्द ग्रीकमधला. पण त्या काळात लोकांना वाटायचं की 'द किंग्ज बुक' हे 'द किंग हिज बुक'चं छोटं रूप आहे, आणि त्या समजुतीने खरोखर तसं लिहीत पण होते. बायकांच्या नावाला 'हिज' कसं लागेल हा प्रश्न तेव्हाही कोणाला तरी पडलाच असणार. म्हणजे ज्या चिन्हावरून आज आपण माणसाची लायकी ठरवतो ते एका गळालेल्या अक्षराची आठवण आहे, बस.

आणि हे आपल्याला, मराठीवाल्यांना, सगळ्यात आधी कळायला पाहिजे कारण आपल्याकडे नेमकं हेच झालंय. माझ्या आजोबांची पत्रं आहेत घरात, त्यात ते 'घरांत', 'गांवांत', 'नांव' असं लिहितात, सगळीकडे अनुस्वार. ते नाकातले उच्चार बोलण्यातून कधीच गेले होते पण खूण राहिली होती. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. आजोबांनी मात्र शेवटपर्यंत काढले नाहीत. आता गंमत बघा, आजच्या मराठीत 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत, एका टिंबाने वचन बदलतं. पण कोकणीत एकाच घराला 'घरांत' लिहायचं, कारण तिथे तो नाकातला उच्चार अजून जिवंत आहे. आमच्या गोव्यातलं पोर सकाळी मराठीच्या तासाला 'घरात' लिहितं आणि दुपारी कोकणीच्या तासाला 'घरांत' लिहितं आणि दोन्ही बरोबर. ज्या पोराला हे जमतं त्याला अपॉस्ट्रफी अवघड नाही जाणार, फक्त त्याला कारण सांगितलं पाहिजे, नुसतं लाल पेन मारून चालणार नाही.

अनेकवचनाला अपॉस्ट्रफी लावायची चूक, म्हणजे 'रूम्स अव्हेलेबल', 'बाइक्स फॉर रेंट', 'मोमोज', 'पिझ्झाज' या सगळ्यात एसच्या आधी टिंब, कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत सगळीकडे दिसते. ती चूकच आहे, आजच्या नियमाने. ब्रिटनमधे या चुकीला 'ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रफी' म्हणतात, म्हणजे भाजीवाल्याचा अपॉस्ट्रफी, आणि ते नाव मला आवडत नाही कारण त्यात चुकीपेक्षा भाजीवाल्यालाच जास्त खाली दाखवलंय. आणि इतिहास बघाल तर सतराव्या-अठराव्या शतकात शिकलेसवरलेले लोक बाहेरून आलेल्या, स्वराने संपणाऱ्या शब्दांना अनेकवचनात बिनदिक्कत अपॉस्ट्रफी लावायचे, ऑपेरा, फोलिओ, कॉमा असल्या शब्दांना. पिझ्झा आणि मोमो अगदी त्याच जातीचे शब्द, परके आणि स्वरावर संपणारे. शॅकवाल्या पोराने पिझ्झाला टिंब लावलं तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं, पण नुसता एस लावला तर शब्द वेगळाच दिसतो, वाचणारा अडखळेल, म्हणून मधे काहीतरी खूण करावी हे जे त्याला वाटलं तेच त्या काळच्या विद्वानांना वाटलेलं.

'इट्स'चं तर विचारूच नका. माझ्या ट्यूशनमधे दहावीपर्यंत मुलं त्यात चुकतात आणि मला त्यांचा राग येत नाही कारण नियम खरंच आडवा आहे. सगळ्या नामांना षष्ठीत अपॉस्ट्रफी लावा असं शिकवायचं आणि मग इट या एका शब्दाला मात्र लावू नका, लावला तर तो 'इट इज' होतो. मुलांना मी असं सांगतो की हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांना लावतो का? नाही ना, सर्वनामांना लागत नाही, मग इट पण सर्वनाम. हे बहुतेकांना पटतं. पण हेही सांगतो की १८०० सालाच्या आसपासपर्यंत षष्ठीतल्या 'इट्स'ला अपॉस्ट्रफी लावणं सर्रास चालायचं, आणि अमेरिकेच्या संविधानात, १७८७ च्या मूळ हस्तलिखितात, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात राज्याच्या तपासणी कायद्यांबद्दल बोलताना तो शब्द चक्क अपॉस्ट्रफीसकट लिहिलाय. आज तसा पेपर लिहिला तर अर्धा मार्क जाईल. मुलं हे ऐकून एकदम सरळ बसतात, नियमाला इतिहास असतो हे कळलं की नियम लक्षात पण राहतो, हा माझा अनुभव आहे.

मग काय सगळं चालवून घ्यायचं का? नाही. मी त्या मताचा अजिबात नाही. जिथे टिंबाची जागा बदलली की अर्थ बदलतो तिथे मी भांडतो आणि भांडत राहीन. ५ सप्टेंबरला शाळाशाळांतून शिक्षक दिनाचे बॅनर लागतात, आणि त्यात तीन प्रकार दिसतात, टिंब एसच्या आधी, एसच्या नंतर आणि टिंबच नाही. आधी लावलं तर एका शिक्षकाचा दिवस, नंतर लावलं तर सगळ्या शिक्षकांचा. मी नंतरच्या बाजूचा. पण मदर्स डे बघा, ज्या ऍना जार्व्हिस यांनी अमेरिकेत तो दिवस सुरू केला त्यांनी टिंब मुद्दाम एसच्या आधी ठेवायला लावलं, कारण प्रत्येक घराने आपापल्या एका आईची आठवण काढावी, जगातल्या सगळ्या आयांची मोघम नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. किती सुंदर विचार आहे हा आणि तो एका टिंबाच्या जागेवर उभा आहे. हे ऐकल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, सर मग मला ज्या एका बाईंनी वाचायला शिकवलं त्यांच्यासाठी कार्ड केलं तर टिंब आधी घालू? मी म्हटलं घाल. ती बरोबर होती, आणि मी इतकी वर्षं एकच उत्तर शिकवत होतो.

नावाच्या शेवटी आधीच एस असेल तर काय करायचं यावर तर खुद्द अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एकमत नाही. २००६ साली कॅन्सस राज्याचा एक खटला होता, त्यात बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती टॉमस यांनी कॅन्ससच्या पुढे नुसतं टिंब दिलं आणि विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी टिंब आणि वर आणखी एक एस दिला. एकाच खटल्याच्या कागदात दोन पद्धती. खटला फाशीच्या शिक्षेबद्दलचा होता, म्हणजे किती गंभीर विषय, आणि टिंबाबाबत दोघांनी आपापलं धरून ठेवलं, कोणी कोणाला अडाणी म्हटलं नाही. लंडनमधे पिकॅडिली लाइनवर एकामागून एक दोन स्टेशनं आहेत, अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट, पहिल्याला अपॉस्ट्रफी आहे आणि दुसऱ्याला नाही. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाच्या सेंट जेम्सला एक एस आणि लंडनच्या बागेच्या सेंट जेम्सला दोन. ज्यांची भाषा आहे त्यांच्याकडे ही परिस्थिती.

हे सगळं माहीत असलं की वादाचा सूरच बदलतो. 'लेस' आणि 'फ्यूअर'चं घ्या, मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्यूअर आणि न मोजता येणाऱ्यांना लेस असं आपण दगडावरची रेघ असल्यासारखं शिकवतो, पण ती गोष्ट १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या माणसाने स्वतःची आवड म्हणून लिहिली होती, नंतरच्यांनी तिचा कायदा केला. मी स्वतः फ्यूअर वापरतो, मला ते नीटस वाटतं. पण दुसऱ्याने लेस म्हटलं तर मी तोंड वाकडं करणार नाही. आमच्याकडे 'आय ऍम इन मापुसा ओन्ली' म्हणतात त्याला बाहेरचे हसतात, तर तो 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' आहे, 'म्हापशातच आहे'. इंग्रजीत 'च'सारखं एक अक्षर चिकटवून जोर देता येत नाही म्हणून माणसाने जवळचा शब्द उचलला. नोकरीच्या अर्जात मी तो काढायला सांगतो, गप्पांमधे नाही सांगत. 'प्रीपोन' आपण इथे रुळवला आणि तो आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे.

आता जरा कडू बोलतो.

आमच्या तिघांत हा वाद मैत्रीत राहतो याचं एक कारण मला असं वाटतं की इंग्रजी आमच्यापैकी कोणाच्याच आईची भाषा नाही. गोव्यात भाषेवरून वाद म्हटलं की अंगावर काटा येणारी पिढी अजून आहे. १९८५ ते ८७, राजभाषेचं आंदोलन, १९८६ च्या डिसेंबरात तर माणसं गेली. माझे वडील मराठीच्या बाजूने मोर्चात होते आणि या डिसोझाचा मोठा भाऊ कोकणीच्या बाजूने, दोघं एकाच बसने कामाला जायचे आणि वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. नंतर १९८७ मधे कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीलाही सरकारी कामात जागा, पण त्या दोघांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. म्हणून आम्ही इंग्रजीच्या टिंबावरून दीड तास भांडू शकतो आणि मग एकाच स्कूटरवरून घरी जातो, ही मला छोटी गोष्ट वाटत नाही.

पण ही मैत्री बरोबरीच्या माणसांमधे असते. बरोबरी गेली की तोच वाद काठी होतो. आपल्याकडे हजारो मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जाऊन बसतात, गणित, विज्ञान, समाज सगळं इंग्रजीत. मी पण त्यातलाच. पाचवीत मी प्राण्यांवर दहा ओळी लिहिल्या होत्या आणि प्रत्येक अनेकवचनाला टिंब दिलं होतं, कॅट्स, डॉग्स, काऊज, सगळ्यांना. ती वही वर्गात वाचून दाखवली गेली. कोणी वाचली, कुठल्या शाळेत, ते सोडा. वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी स्वतःच्या मनाचं एक वाक्य इंग्रजीत लिहिलं नाही, पुस्तकातलंच उतरवायचो, कारण पुस्तकातल्या वाक्याला कोणी हसत नाही. मला टिंबाचा नियम त्या हसण्यातून कळला नाही, तो सातवीत एका दुसऱ्या बाईंनी वर्ग सुटल्यावर पाच मिनिटं बसवून सांगितला तेव्हा कळला. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलांमधे मला ती गप्प मुलं लगेच ओळखू येतात.

म्हणून ग्रुपवर कोणी 'आमच्या गोव्याचं इंग्लिश बघा' म्हणून एखाद्या गाड्याच्या बोर्डाचा फोटो टाकतो तेव्हा मला खरंच त्रास होतो. तो बोर्ड रंगवणारा माणूस कर्नाटकातून आलेला असतो, गाडा चालवणारी बाई चार भाषांत गिऱ्हाइकाशी बोलते, आणि फोटो टाकणाऱ्याला त्यातल्या दोनच येतात.

यावर समोरून येणारं उत्तर मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही. लोक म्हणतात की असं सगळं समजून घेत बसलात तर भाषेचा दर्जा कोण राखणार. इंग्लंडमधे जॉन रिचर्ड्स नावाच्या गृहस्थांनी २००१ मधे अपॉस्ट्रफी वाचवायला एक सोसायटीच काढली होती, दुकानदारांना, कौन्सिलांना पत्रं लिहायची. २०१९ मधे ९६ व्या वर्षी त्यांनी ती बंद करतो म्हणून सांगितलं, लोकांना पर्वा राहिली नाही म्हणाले. मला या माणसाबद्दल आदर आहे. कारण ते पत्र लिहायचे, चूक काय आणि बरोबर काय हे सांगून, ज्याची चूक त्याला. आमचा दुकानवाला मित्र पण तेच करतो. फ्लेक्स छापायच्या आधी तो गिऱ्हाइकाला सांगतो की बाबा इथे टिंब लागत नाही, काढू का? दहातले आठ जण म्हणतात काढ. छापायच्या आधी सांगितलं तर ती मदत असते, एक पैसा खर्च होत नाही. छापून खांबाला बांधल्यावर फोटो काढण्यात मदत कुठे आहे?

आता पहिल्या अपॉस्ट्रफीकडे येतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

डि’सोझा, डि’मेलो, डि’कुन्हा, डि’कोस्ता. गोव्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा अपॉस्ट्रफी हा आहे, दुकानांच्या पाट्यांवरचा नाही. आणि याची गंमत अशी की पोर्तुगीजमधे हे आडनाव 'दे सोउझा' असं सुटं लिहितात. 'दे'मधला स्वर गाळून टिंब द्यायची पद्धत पोर्तुगीजमधे आहे, पण ती पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर, जसं आग्वा म्हणजे पाणी, त्याच्या आधी 'दे' आला की 'द’आग्वा'. सोउझाच्या सुरुवातीला व्यंजन आहे, तिथे त्या नियमाने टिंब येतच नाही. म्हणजे नियमाच्या पुस्तकाने बघाल तर आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आडनावातलं हे चिन्ह मुळातच चुकीचं. पण आहे का कोणाची छाती त्यांना सांगायची की तुमचं आडनाव चुकलंय? ते नाव आहे. आजोबाच्या थडग्यावर तसं कोरलंय, लग्नाच्या नोंदीत तसं आहे. नाव ज्याचं तो लिहील तेच बरोबर.

आणि याच नावाची काय दशा होते बघा. माझ्या मित्राच्या आजोबांची जन्मनोंद पोर्तुगीज काळातली, त्यात 'दे' वेगळं. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर डी, टिंब, सोझा. त्याच्या स्वतःच्या एका कार्डावर टिंब जाऊन मधे मोकळी जागा, दुसऱ्यावर टिंबही नाही आणि जागाही नाही, सगळं चिकटून. बँकेत एक, गॅसच्या पुस्तकात दुसरं. निवृत्त होऊन आल्यावर वडिलोपार्जित घराच्या कागदांसाठी त्याला 'हे सगळे म्हणजे एकच माणूस' असं ऍफिडेव्हिट नोटरीकडे किती वेळा करावं लागलं ते त्याने मोजायचं सोडून दिलं. एका खिडकीवर त्याला सांगितलं की तुमचं नाव इनव्हॅलिड आहे. स्क्रीनवर तसं आलं होतं म्हणून त्या मुलीने वाचून दाखवलं, तिचा दोष नाही. पण साठी उलटलेल्या माणसाला स्वतःचं नाव इनव्हॅलिड आहे असं ऐकायला लागावं?

कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत हेच टिंब मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे सांगायला वापरतात. म्हणून नावात टिंब आलं की निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामला वाटतं नाव डीवरच संपलं, आणि पुढचं सोझा म्हणजे हुकूमाचा भाग. याच फटीतून हॅकर आत शिरतात, म्हणून बरेच प्रोग्रामर सोपा रस्ता धरतात आणि नावात टिंब घेतच नाहीत. खरा रस्ता वेगळा आहे, हुकूम वेगळा पाठवायचा आणि नाव वेगळं, मग नावात काहीही असो बिघडत नाही, आणि ही पद्धत नवी नाही, कित्येक वर्षांपासून प्रत्येक मोठ्या डेटाबेसमधे आहे. आणखी एक घोळ म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी टिंबं दोन आहेत, एक सरळ उभं आणि एक वळलेलं, एका कार्यालयात एक टाइप झालं आणि दुसरीकडे दुसऱ्याने शोधलं तर माणूस सापडत नाही.

पासपोर्टवर तर फोटोच्या पानाखाली मशीनने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात तिथे आंतरराष्ट्रीय नियमानेच टिंब गाळून अक्षरं जोडतात, तिथे फक्त ए ते झेड, आकडे आणि एक भरणीचं चिन्ह चालतं. ते मी मान्य करतो, सगळ्या जगाच्या मशीनला एक भाषा लागते. पण वरच्या भागात, जिथे माणूस वाचतो, आणि आपल्या इथल्या फॉर्ममधे, तसं करायचं काही कारण नाही. गंमत म्हणजे हेच नाव देवनागरीत लिहिलं तर प्रश्नच मिटतो, डिसोझा, टिंब घाला नाहीतर सोडा, तेच नाव. म्हणजे मराठीत त्याचं नाव शाबूत आणि ज्या लिपीत त्याने आयुष्यभर सही केली त्या लिपीत अर्धवट.

इंग्लंडमधे रस्त्यांच्या पाट्यांवरून टिंब काढायला निघाले तेव्हा लोक किती चिडले, बर्मिंगहॅमने २००९ मधे काढलं, केंब्रिजने पण ठरवलं होतं तर लोकांनी रात्री जाऊन काळ्या मार्करने टिंबं परत रंगवली आणि २०१४ मधे कौन्सिलला निर्णय मागे घ्यावा लागला. नॉर्थ यॉर्कशायरने २०२४ मधे कारण हेच दिलं, डेटाबेसला टिंब चालत नाही. ती रस्त्यांची नावं होती, कोणाच्या आजोबांची नव्हेत, तरी लोक उठले. आपल्याकडे हजारो माणसांच्या रोजच्या वापरातल्या नावांचा प्रश्न आहे असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही, आणि त्यावर पंचायतीच्या ग्रामसभेत एक ठराव झालेला माझ्या तरी ऐकण्यात नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. गोव्यात जो कोणी नवा फॉर्म बनवेल, शाळाप्रवेशाचा, पंचायतीचा, जन्म-मृत्यू नोंदीचा, नोकरीचा, त्याने तो वापरात आणायच्या आधी डि’मेलो आणि डि’कुन्हा ही दोन नावं भरून बघावीत. घेतली नाहीत तर फॉर्म परत पाठवावा. जुन्या नोंदीत टिंब असो, जागा असो, काही नसो, तेवढ्याच फरकासाठी नोटरीचा कागद मागू नये, बाकी जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं जुळतात ना, मग तो तोच माणूस. आणि जे लोक मेनूकार्डाचे फोटो काढण्यात हुशार आहेत, ज्यांना टिंब इतकं बारकाईने दिसतं, त्यांनी ती नजर जरा इकडे वळवावी, त्या खिडकीत पुढच्या वेळी कोणाचं नाव इनव्हॅलिड झालं तर त्याच्या बाजूने उभं राहावं. मी माझ्या विद्यार्थ्यांना आता हे पण शिकवतो, हजेरीच्या वहीत ज्याचं नाव जसं आहे तसं टिंबासकट लिहायचं, कंटाळा करायचा नाही.

पाटीचं अजून ठरलेलं नाही. पितळेचं एक एक अक्षर कापून येतं आणि पैसे अक्षरामागे, म्हणून दुकानवाल्याने विचारलं की टिंबांचे किती लावू, दोन की एक. डिसोझा म्हणाला पहिल्याचे पूर्ण अक्षराचे पैसे लाव आणि ते जाड पत्र्याचं कर, मागून दोन खिळे दे, पावसाळ्यात पडता कामा नये. दुसऱ्याचं तुम्ही दोघं ठरवा म्हणाला, ठरलं की मला फोन करा. आम्ही अजून भांडतोय, मी अनेकवचनावर आहे आणि तो षष्ठीवर, येत्या शुक्रवारी परत बसणार आहोत.